भाग बदलायचा केव्हा?
मोटेच्या नाड्यापासून शर्यतीच्या गाडीपर्यंत

धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात, लोहारा तालुक्यात, तेरणा नदीवर माकणी हे गाव आहे. निम्न तेरणा प्रकल्पाचे धरण याच गावाजवळ आहे. धरण होण्यापूर्वी आणि नंतरही या भागात पाणी उपसण्याची साधने बदलत गेली. आधी मोट, मग तेलावर चालणारे इंजिन, मग विजेची मोटर. साधन कोणतेही असो, शेतकऱ्यापुढचा एक प्रश्न मात्र कायम राहिला. झिजणारा भाग बदलायचा केव्हा? लवकर बदलला तर पैसा वाया जातो. उशीर झाला तर ऐन चैत्र-वैशाखात उसाचे पाणी तुटते.

मोटारशर्यतीच्या इंजिनावर काम करणाऱ्या तंत्रज्ञापुढेही हाच प्रश्न असतो. फरक एवढाच की त्याला उत्तर तासांच्या हिशेबात द्यावे लागते. हा प्रश्न माणसाने कसकसा सोडवत नेला, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत. वाचक शिक्षक असल्यामुळे मध्येमध्ये थोडे गणितही येईल. ते वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

दिसणारी झीज

मोटेपासून सुरुवात करू. मोट ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा आणि मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर म्हणजे सोंदूर. बैल धावेवरून उतरत असताना भरलेल्या मोटेचे सगळे वजन नाड्यावर असते. अशा वेळी नाडा तुटला तर मोट विहिरीत जाते आणि बैल तोंडावर आपटतात. म्हणून शेतकरी नाड्यावर नजर ठेवून असे. चाकावरून घासून पीळ उसवू लागले, तंतू बाहेर आले, की नाडा बदलायचा.

या पद्धतीत तीन सोयी आहेत. झीज दिसते, ती हळूहळू वाढते आणि मोडण्याआधी सूचना देते. शतकानुशतके माणसाची बहुतेक अवजारे अशीच होती. दोर, चामडे, लाकूड, कुळवाची फास, सगळ्यांचा ‘शेवट’ डोळ्याला आधी कळे. त्यामुळे केव्हा बदलायचे याचे शास्त्र करण्याची गरजच पडली नाही.

न दिसणारा थकवा

गरज पडली ती आगगाडी आल्यावर. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, मोडला. डबे एकमेकांवर चढले, आग लागली आणि पन्नासाहून अधिक माणसे मेली. जगप्रवास करून सुखरूप परतलेला दर्यावर्दी द्युमाँ द्यूर्व्हील हा त्यांतलाच एक.

असे आस इतरत्रही मोडत होते. कोड्यात टाकणारी गोष्ट ही की त्यांच्यावर नेहमीचेच ओझे होते. वर्षानुवर्षे जे वजन सहज पेलले, त्याच वजनाखाली एक दिवस दांडा काडीसारखा तुटे. वापराने लोखंडाचा पोत बदलतो, ते ‘स्फटिकमय’ होते, अशी त्या वेळची समजूत होती. तरुण स्कॉटिश अभियंता रॅन्किन याने मोडलेले आस तपासून वेगळेच सांगितले. दांड्याची जाडी जिथे एकदम बदलते त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते, ती फेऱ्याफेऱ्याला आत सरकते आणि उरलेले लोखंड अपुरे पडले की दांडा तुटतो.

पुढे प्रशियाच्या रेल्वेतील व्होलर या अभियंत्याने खास यंत्रे बनवून दांडे उलटसुलट वाकवण्याचे लक्षावधी फेरे मोजले. त्याचे निष्कर्ष १८७० साली एकत्रितपणे प्रसिद्ध झाले. त्यांतल्या दोन गोष्टी आपल्या विषयासाठी महत्त्वाच्या आहेत. ताण थोडा वाढला तरी आयुष्याचे फेरे फार झपाट्याने कमी होतात. आणि पोलादाच्या बाबतीत ताण एका मर्यादेखाली ठेवला तर फेरे कितीही झाले तरी ते व्यवहारात थकत नाही.

म्हणजे भाग निकामी होण्याच्या दोन निराळ्या वाटा झाल्या. एक झिजण्याची. ती मोजता येते. दुसरी थकण्याची. तिथे भाग शेवटपर्यंत नव्यासारखा दिसतो. त्याने केलेले फेरेच मोजावे लागतात. एकाच इंजिनात दोन्ही वाटांचे भाग शेजारीशेजारी बसलेले असतात, ही यातली खरी अडचण आहे.

विहिरीवरचे इंजिन

महाराष्ट्रात डिझेल इंजिने बनवण्याची सुरुवात १९३० च्या दशकात साताऱ्याच्या कूपर कारखान्यात झाली. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि पुढच्या काही दशकांत ‘ऑइल इंजिन’ हा शब्द खेड्यापाड्यांत पोचला. या इंजिनांपैकी पाच अश्वशक्तीचे एक फार परिचित आहे. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, दट्ट्याची म्हणजे पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि वेग मिनिटाला १५०० फेरे. आपण हेच उदाहरण घेऊ.

पिस्टनभोवती ज्या रिंगा असतात त्या लायनरच्या भिंतीला घासत वर-खाली जातात. मध्ये तेलाचा पातळ थर असतो. धावेच्या मध्यावर वेग भरपूर असल्याने हा थर टिकतो. पण अगदी वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो, आणि जळत्या वायूचा दाब व उष्णता नेमकी तिथेच सर्वांत जास्त असते. थर तुटतो, धातूला धातू लागतो. म्हणून लायनर वरच्या बाजूला अधिक झिजतो, खालच्या टोकाला जवळजवळ झिजतच नाही. जुन्या लायनरमध्ये वरून बोट फिरवले तर एका जागी नख अडते. रिंग जिथवर पोचते तिथे पडलेली ती पायरी असते.

ही झीज किती, हे खेड्यातला मेस्त्री महागड्या उपकरणाशिवाय मोजतो. त्याची युक्ती शिक्षकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. रिंग एके ठिकाणी कापलेली असते. ती एकटीच लायनरमध्ये सरळ बसवायची आणि कापलेल्या टोकांमधली फट फिलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजायची. आधी तळाशी, जिथे झीज नाही. मग वर, जिथे ती जास्त आहे. रिंगेची लांबी तीच, पण परीघ वाढलेला. म्हणून वरची फट मोठी येते. व्यास वाढला की परीघ ‘पाय’पट वाढतो. समजा तळाची फट ०.४० मिलिमीटर आणि वरची १.०३ मिलिमीटर आली. फरक ०.६३. त्याला ३.१४ ने भागले की व्यासातली झीज ०.२० मिलिमीटर. केसापेक्षा फारशी जाड नसलेली ही वाढ पात्यांनी पकडता येते, कारण ‘पाय’ने ती तिपटीहून मोठी करून दाखवली. वर्तुळाचा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी ठाऊक नाही.

इंजिन न खोलताही काही खुणा मिळतात. हँडल मारताना पूर्वीसारखा जोर लागत नाही, म्हणजे कॉम्प्रेशन गेले. ब्रीदरमधून धूर येतो, म्हणजे वायू रिंगांना चुकवून खाली उतरतो आहे. निळसर धूर आणि तेलाची रोजची भर वाढली, म्हणजे तेल वर चढून जळते आहे. माकणीसारख्या गावातले जुने इंजिनवाले या खुणांवर वर्षानुवर्षे निर्णय घेत आले, आणि बहुतेकदा ते बरोबर ठरत.

शर्यतीचे इंजिन

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. फॉर्म्युला वन शर्यतीत २००६ ते २०१३ या काळात २.४ लिटरची आठ सिलिंडरची इंजिने होती. सिलिंडरचा व्यास ९८ मिलिमीटरपर्यंत, धाव जेमतेम ४० मिलिमीटर, आणि २००९ पासून वेगाची मर्यादा मिनिटाला १८००० फेरे.

पिस्टनला टोकाशी थांबवून परत फिरवायला लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या आणि धावेच्या प्रमाणात असते. आपल्या पंपाच्या इंजिनाशी तुलना करा. फेरे १२ पट, त्याचा वर्ग १४४. धाव ११० ऐवजी ४०, म्हणजे सुमारे ०.३६ पट. गुणाकार साधारण ५२. पिस्टनच्या दर ग्रॅममागे शर्यतीच्या इंजिनात पन्नासपट ओढ आहे आणि ती सगळी कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांवर येते.

आता फेरे मोजू. शर्यत साधारण दीड तासाची. सतत कमाल वेगाने धावले असे मानले तरी १६ लाखांच्या आसपास फेरे होतात. पंपाचे इंजिन तासाला ९० हजार फेरे करते, दिवसाला दहा तास चालवले तर ९ लाख. म्हणजे शर्यतीत जेवढे फेरे होतात, तेवढे विहिरीवरचे इंजिन दोन दिवसांच्या आत करते आणि पुढे वर्षानुवर्षे करत राहते! मग शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य इतके तोकडे का?

उत्तर व्होलरच्या निष्कर्षात आहे. पंपाचा बोल्ट जाडजूड असतो, त्याच्यावरचा ताण थकव्याच्या मर्यादेखाली राहतो. नीट आवळलेला असेल तर तो थकत नाही. शर्यतीच्या इंजिनात दर ग्रॅम वजन जिवावर येते, म्हणून रॉड, बोल्ट, झडपा हे सगळे भाग जाणूनबुजून इतके हलके करतात की ते मर्यादेच्या वर काम करतील. त्यांना मोजके आयुष्य देऊनच जन्माला घातलेले असते. म्हणून अशा प्रत्येक भागाच्या नावाने वही असते. किती तास, किती किलोमीटर, किती वेळा वेगाची मर्यादा ओलांडली गेली. ठरलेला आकडा भरला की भाग काढायचा, तो कितीही लखलखीत दिसत असला तरी. उलट बेअरिंगचा कवच-भाग थोडा घासलेला दिसला तरी मोजून, चालण्याजोगा असेल तर चालवता येतो. नवख्याला हे उफराटे वाटते. चकचकीत बोल्ट भंगारात आणि घासलेला भाग पुन्हा इंजिनात.

पूर्वी श्रीमंत संघ याचा सोपा तोडगा काढत. सरावाला एक इंजिन, पात्रता फेरीला दुसरे, शर्यतीला तिसरे. १९८० च्या दशकात टर्बो इंजिने पात्रता फेरीसाठी अशी ताणली जात की काही फेऱ्यांतच त्यांचा जीव संपावा. २००४ साली नियम आला की एका शर्यतीच्या आठवड्याअखेरीला एकच इंजिन. २००५ मध्ये तेच इंजिन दोन शर्यती टिकवावे लागले. २००९ पासून चालकामागे हंगामाला आठ इंजिने, २०१४ पासून पाच, तर २०१८ साली तीन. जास्तीचे घेतले की प्रारंभाच्या रांगेत मागे जायचे. एरवी पैसा फेकून सुटणारा प्रश्न नियमाने माकणीच्या शेतकऱ्याच्या प्रश्नाजवळ आणून ठेवला, असे म्हटले तर फार चूक होणार नाही.

एकच भाग, तीन उत्तरे

‘केव्हा’चे उत्तर फक्त भागावर अवलंबून नसते, हे एका हिशेबातून पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा एक भाग नवा बसवल्यावर पहिल्या हंगामात कधीच मोडत नाही. तिथून टिकला तर दुसऱ्या हंगामात मोडण्याची शक्यता १० टक्के, तिसऱ्यात ३० टक्के, चौथ्यात ६० टक्के. हंगामाआधी सवडीने बदलण्याचा खर्च १ मानू.

ऐन हंगामात मोडल्यास नुकसानीसह खर्च ५ येतो असे धरा. दर हंगामाला बदलले तर हंगामी खर्च १. दोन हंगामांनी बदलले तर ०.९ × १ + ०.१ × ५ = १.४, भागिले २, म्हणजे ०.७०. तीन हंगाम थांबले तर तोच ०.८६ च्या आसपास जातो. तेव्हा दोन हंगामांनी बदलणे उत्तम. आता मोडण्याचा खर्च ५० करा, म्हणजे शर्यतच हातची गेली. दोन हंगामांचा हिशेब २.९५ वर जातो, म्हणून दर हंगामालाच बदलणे शहाणपणाचे. उलट शेजाऱ्याचे इंजिन लगेच मिळत असेल आणि मोडण्याचा खर्च अवघा १.५ असेल, तर दोन हंगामांना ०.५३, तिनांना ०.४१ आणि चारांना ०.३९ येते. मग वाट पाहिलेली बरी. भाग तोच, झीज तीच, तीन मालकांची तीन उत्तरे, आणि तिन्ही बरोबर. शेजारधर्माचा इंजिनाच्या रिंगांशी असा संबंध असतो!

बदलल्यानेच बिघडते तेव्हा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या किनारी दलाची विमाने जर्मन पाणबुड्या शोधत असत. विमाने जमिनीवर फार वेळ दुरुस्तीत अडकतात, अशी तक्रार होती. ती सोडवायला बसवलेल्या वैज्ञानिकांत वॅडिंग्टन नावाचे जीवशास्त्रज्ञ होते. गर्भाच्या वाढीवरील कामासाठी ते आजही ओळखले जातात. विमानांची ठरावीक उड्डाणतासांनी नियोजित तपासणी होई. त्यांनी तपासणीनंतर किती तासांनी बिघाड झाले याचा आलेख मांडला. तपासणी उपयोगी असेल तर तिच्यानंतर लगेच बिघाड कमीत कमी असावेत आणि हळूहळू वाढावेत. आलेख नेमका उलटा निघाला. तपासणी झाल्या झाल्या बिघाड सर्वांत जास्त, मग कमी होत गेलेले. चांगला चाललेला भाग उघडणे, हलवणे, पुन्हा बसवणे यातूनच दोष शिरत होते. तपासण्यांमधले अंतर वाढवल्यावर विमाने अधिक तास उडू लागली.

यामागचे कारण आपल्या इंजिनातही दिसते. रिंग आणि लायनर एकमेकांना घासून एकमेकांच्या मापाचे झालेले असतात. उघडून परत बसवताना ती जुळणी बिघडली तर ती पुन्हा पहिल्यापासून व्हावी लागते. ‘चालते आहे तोवर हात लावू नका’ हे खेड्यातले मत आळसाचे मानण्याची पद्धत आहे. ते पुष्कळदा अनुभवाचे असते.

१९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप यांनी प्रवासी विमानांच्या भागांचा असाच लेखाजोखा प्रसिद्ध केला. त्यांनी पाहिलेल्या भागांपैकी ८९ टक्क्यांना ‘इतक्या तासांनी बदला’ अशी वयोमर्यादा घालून काहीच फायदा नव्हता. वयाबरोबर त्यांची मोडण्याची शक्यता ठळकपणे वाढतच नव्हती. मात्र थेट घासणारे किंवा थकणारे साधे भाग त्यांच्याही अहवालात वयाप्रमाणे जाणारेच होते. तेव्हा रिंगांना हा आकडा लावून निश्चिंत राहू नये.

वर्गात हे फाशाने दाखवता येईल. सहा पडला की भाग मोडला असे मानायचे. दहा वेळा सहा न पडलेला फासा बदलून नवा घेतला, तर सहा पडण्याची शक्यता कमी होते का? होत नाही. फाशाला वय नसते. याउलट पत्त्यांच्या गड्डीतून परत न ठेवता एकेक पान काढा आणि इस्पिकचा एक्का निघाला की भाग मोडला असे माना. इथे दर पानागणिक धोका वाढतो, आणि वेळीच नवी गड्डी घेण्यात अर्थ आहे. आधी हे ओळखायचे की समोरचा भाग फासा आहे की गड्डी.

तेल काय सांगते

गड्डीत किती पाने उरली हे न उघडता कळले तर? १९४६ साली अमेरिकेतील डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेच्या प्रयोगशाळेने डिझेल इंजिनांतले वापरलेले तेल वर्णपटदर्शकाखाली तपासायला सुरुवात केली. झिजलेल्या धातूचे सूक्ष्म कण तेलात उतरतात आणि प्रत्येक धातूच्या वर्णरेषा ठरलेल्या असतात. लोखंड वाढले तर लायनर आणि रिंगांकडे पाहायचे, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टनकडे, तांबे किंवा शिसे वाढले तर बेअरिंगकडे. भारतीय रेल्वेच्या डिझेल शेडांतही ही तपासणी रुळली. मोटारशर्यतीच्या संघांनी तर दोन सत्रांच्या मधल्या वेळेत तेलाचे थेंब तपासण्याची सोय मैदानावरच केली. एका मोजणीपेक्षा मागच्या मोजण्यांशी तुलना अधिक बोलकी असते. आकडा मोठा असणे वेगळे आणि तो अचानक चढणे वेगळे.

शाळेत वर्णपटदर्शक नसला तरी जुन्या तेलाचा थेंब टिपकागदावर टाकून रात्रभर ठेवता येतो. काजळी मध्यभागी घट्ट साचली की तेलाची काजळी धरून ठेवण्याची ताकद संपली असे समजावे. इंजिन गार असताना आणि मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवला, तर लोखंडाचे कण चिकटतात. ॲल्युमिनियम, तांबे व शिसे चिकटत नाहीत, हे मुलांनीच कारणासह सांगावे.

विजेच्या मोटरा आल्यावर मेस्त्रीच्या हातातले फिलर गेज मागे पडले. मोटरचे बेअरिंग झिजते आणि आवाज करून सांगते, तो भाग गड्डीतलाच. पण वाइंडिंग जळते ते बहुधा व्होल्टेज पडल्याने, एखादा फेज गेल्याने किंवा विहीर आटून पंप कोरडा फिरल्याने. तिथे मोटरच्या वयाचा संबंध थोडाच असतो. चांगल्या मोटरचे वाइंडिंग आधीच बदलून काही साधत नाही. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले नीट लावून ठेवावा आणि दुसरी मोटर तयार ठेवावी, एवढेच हाती उरते. अनेक शेतकऱ्यांनी जुने ऑइल इंजिन विकले नाही, ते गोठ्याच्या कडेला गोणपाट टाकून ठेवले, त्याचा हिशेब हाच आहे. मात्र महिन्यातून एकदा त्याचे हँडल मारून पाहावे लागते, नाहीतर रिंगा गंजून लायनरला धरतात.